पेनड्राइव्ह चालतो, काटा चालत नाही : दूध संस्थेच्या डब्यात यूएसबी

पंचगंगाकाठ (बुधवार, रात्री ११:५०)

मंडळी, चार रात्री घातल्या. आता शरण येतो.

शिरोली एमआयडीसीत आमचं दोघा मित्रांचं छोटं युनिट आहे. दूध संस्थांसाठी संकलनाचा डबा बनवतोय. वजनकाट्यावरून लिटर घ्यायचे, फॅट मशीनमधून फॅट-एसएनएफ (एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातले घन पदार्थ) घ्यायचं, दर लावून स्लिप काढायची आणि दहा दिवसांनी बिलाचा सगळा डेटा पेनड्राइव्हवर सचिवांच्या हातात द्यायचा. बोर्ड आमचाच, ऑलविनर एच३ चिपवर. मेनलाइन लिनक्स कर्नल, बाकी बिल्डरूट (छोटी लिनक्स सिस्टिम बांधायचं साधन). सगळं १६ एमबीच्या एसपीआय फ्लॅशमध्ये बसवायचंय, म्हणून कर्नलची कॉन्फिग उपाशी ठेवलीय. लागेल तेवढंच आत.

बोर्डावर यूएसबीची तीन तोंडं आहेत. पेनड्राइव्ह तिन्ही ठिकाणी चालतो. त्यानेही आधी रडवलं होतं (एसडीए, म्हणजे ड्राइव्ह, दिसायचा पण माउंट होताना 'कोडपेज सीपी४३७ नॉट फाउंड', मग कर्नलमध्ये एनएलएसचे (अक्षरसंचांचे) दोन पर्याय घातले आणि सुटलं). आता काटा लावला तर काहीच नाही. काट्याला सीएच३४० वाली यूएसबी-सिरियल केबल आहे, फॅट मशीनच्या आत तीच चिप आहे. दोन्ही मुकी. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) एक ओळ येत नाही. एरर आली असती तर निदान शोधता तरी आली असती. हीच केबल लॅपटॉपला लावली की पटकन चालते.

शनिवारी करवीर तालुक्यातल्या एका संस्थेत डेमो आहे. वाचवा.

सोल्डरबहाद्दर (गुरुवार, सकाळी ७:१५)

पहिल्यांदा मीटर लाव भावा. कनेक्टरवर, बोर्डाच्या सप्लायवर नव्हे. निम्मी यूएसबी दुखणी ५ व्होल्टची असतात. ४.७५ च्या खाली दिसला तर पुढचं काही वाचूच नकोस. एच३ च्या बऱ्याच बोर्डांवर व्हीबसला (यूएसबीच्या ५ व्होल्टच्या तारेला) जीपीआयओचा, म्हणजे चिपच्या पिनेवर चालणारा, स्विच असतो, तो डिव्हाइस ट्रीत (बोर्डावर काय काय आहे ते कर्नलला सांगणाऱ्या फाइलीत) रेग्युलेटर म्हणून लिहिला नाही तर पोर्टला वीजच जात नाही.

पंचगंगाकाठ (गुरुवार, सकाळी ९:३०)

मोकळं ५.०२, केबल लावून ४.९४. केबलीवरचा लाल दिवापण लागतो. स्विच ठेवलेलाच नाही, व्हीबस थेट जोडलाय. केबली तीन बदलल्या.

तांबडापांढरा (गुरुवार, सकाळी ९:४१)

काटा कोल्हापूरचा असेल तर नुसतं 'या, बसा' म्हणून बोलणार नाही. आधी चहा विचार.

कर्नलपंत (गुरुवार, सकाळी १०:०५)

धागाकर्ते, सीएच३४१ चा ड्रायव्हर घेतलाय ना? चिप ३४० असली तरी कर्नलमधलं नाव ३४१ आहे. बरेचजण इथे फसतात.

पण तुमचं दुखणं ते नाही, हेही सांगून ठेवतो. ड्रायव्हर असो वा नसो, दारात कोण आलंय ते कर्नल सांगतोच. 'न्यू फुल-स्पीड यूएसबी डिव्हाइस' अशी ओळ आणि मागोमाग व्हेंडर-प्रॉडक्ट क्रमांक, हे ड्रायव्हर शोधण्याच्या आधी होतं. तुमच्याकडे तेही नाही. म्हणजे गडबड सिरियलच्या थरात नसून त्याच्या खाली आहे. मेन्युकॉन्फिगमध्ये (कर्नलच्या पर्यायांच्या यादीत) सिरियलचे पर्याय उलटेपालटे करत बसला असाल तर थांबा.

पंचगंगाकाठ (गुरुवार, सकाळी १०:२०)

पंत, दोन रात्री तेच करत होतो. 😐

उद्यमनगरी (गुरुवार, दुपारी १:१०)

मला वेगळंच विचारायचंय. काट्याच्या मागे मुळात आरएस-२३२ (जुना सिरियल पोर्ट) आहे. त्याचं यूएसबी करायचं आणि बोर्डावर परत यूएसबीचं सिरियल करायचं, हा द्राविडी प्राणायाम कशासाठी? एच३ ला यूएआरटी (सिरियलची तोंडं) चार आहेत. एक मॅक्स३२३२ (व्होल्टेज जुळवणारी चिप) टाक, नऊ पिनांचा कनेक्टर बसव, विषय संपला. ना ड्रायव्हर, ना एन्युमरेशन (यूएसबीची ओळखपरेड). आम्ही फौंड्रीतल्या काट्यांना वर्षानुवर्षं असंच जोडतोय. त्या धुळीत आणि उष्णतेत कॉम्प्युटर मेले, सिरियल पोर्ट नाही मेला.

पंचगंगाकाठ (गुरुवार, दुपारी १:४५)

दादा, काट्यापुरतं पटतंय. पण या फॅट मशीनला मागे फक्त यूएसबीचं चौकोनी तोंड आहे. संस्थेनं मशीन आधीच घेतलंय, ते काय आम्ही बदलायला लावणार नाही. आणि एक यूएसबी करायचंच आहे तर दोन्ही त्याच्यावरच घेऊ असं वाटलं. बोर्ड छापून आलेत, पंचवीस नग. नऊ पिनांना जागा नाही.

कागलची (गुरुवार, रात्री ८:३०)

आत्ता पाहिला धागा. तीन गोष्टी करून सांग.

एक, एलएसयूएसबी (यूएसबीची यादी देणारी कमांड) मार. काही न लावता कोणते रूट हब (यादीत कंट्रोलरची स्वतःची नोंद) दिसतात, क्रमांकासकट.
दोन, साधा कीबोर्ड किंवा माउस लाव. काही येतं का?
तीन, घरात यूएसबी २.० चा हब असेल तर तो बोर्डाला लाव आणि काट्याची केबल हबला.

सोल्डरबहाद्दर (गुरुवार, रात्री ८:३८)

हबने काय होणार ताई? उलट ५ व्होल्ट आणखी पडेल.

पंचगंगाकाठ (गुरुवार, रात्री ९:५५)

ताई, हात जोडले. हबमधून काटा चालला!!

एलएसयूएसबी : तीन ओळी, तिन्ही १डी६बी:०००२.
कीबोर्ड : थेट लावला तर मुका. हबमधून चालतो.
हबमधून काटा, फोटोवरून उतरवतोय : 'यूएसबी १-१.२: न्यू फुल-स्पीड यूएसबी डिव्हाइस नंबर ४ यूझिंग ईएचसीआय-प्लॅटफॉर्म'. मागोमाग १ए८६:७५२३, आणि टीटीवाययूएसबी० (लिनक्सने सिरियल पोर्टला दिलेलं नाव). काट्यावर हात दाबला की आकडे पळतात.

शनिवारचा डेमो हब लावून उरकतो. पण हे झालं कसं? बोर्ड तोच, कर्नल तोच, मध्ये दोनशे रुपयांचा हब.

कागलची (गुरुवार, रात्री १०:४०)

हब बाहेर लोंबकळत ठेवून विकू नकोस, खरं उत्तर पुढे आहे.

यूएसबीचं तोंड बाहेरून एक दिसलं तरी एच३ मध्ये प्रत्येक होस्ट पोर्टच्या मागे दोन कंट्रोलर बसलेत. एक ईएचसीआय, तो फक्त हाय-स्पीड बोलतो, ४८० मेगाबिट. दुसरा ओएचसीआय, तो फुल-स्पीड १२ आणि लो-स्पीड १.५ मेगाबिट बघतो. तारा त्याच दोन, डी-प्लस आणि डी-मायनस.

तुझ्याच धंद्यातलं उदाहरण घे. संस्थेच्या दारात एकजण उभा आहे, येणाऱ्याला विचारतो, गाईचं का म्हशीचं? म्हशीचं असेल तर स्वतः घेतो, गाईचं असेल तर म्हणतो, तिकडच्या टेबलावर जा. ईएचसीआय तो दारातला माणूस. उपकरण लागलं की तो पोर्ट रीसेट करतो. हाय-स्पीडवालं उपकरण त्या वेळी 'चर्प' नावाचा विशिष्ट सिग्नल देऊन ओळख पटवतं. पेनड्राइव्ह देतो. सीएच३४० देत नाही, कारण ती मुळातच १२ मेगाबिटची चिप आहे. मग ईएचसीआय पोर्टची मालकी सोबतच्या ओएचसीआयकडे देतो आणि हात झटकतो. त्याचं काम त्याने नियमानं केलं, म्हणून एरर नाही. तुझ्याकडे त्या दुसऱ्या टेबलावर कोणी बसलेलंच नाही. गाईचं दूध घेऊन आलेला माणूस तिथेच उभा आहे, गेल्या चार रात्री.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर डायनॅमिक डीबगमध्ये (कर्नलचे लपलेले संदेश दाखवायच्या सोयीत) ईएचसीआय-एचसीडी मॉड्यूलला प्लस-पी कर आणि केबल परत लाव. 'पोर्ट १ फुल स्पीड --> कम्पॅनियन' अशी ओळ येईल. ती डीबग पातळीची असल्यामुळे एरवी लपलेली असते.

हबचं कोडं : २.० चा हब वरच्या बाजूला ईएचसीआयशी हाय-स्पीडमध्ये बोलतो. खालच्या हळू उपकरणांसाठी त्याच्या पोटात ट्रान्झॅक्शन ट्रान्सलेटर असतो, दुभाष्याच म्हण. त्यामुळे ओएचसीआयची गरज पडली नाही. तुझ्याच ओळीत बघ, 'फुल-स्पीड' आणि 'ईएचसीआय' एकत्र आलेत. जुना १.१ चा हब असता तर तोही मुकाच राहिला असता.

आणि तुझ्या पहिल्या यादीत उत्तर होतंच. १डी६बी:०००२ हा २.० चा रूट हब. ओएचसीआयचा असतो १डी६बी:०००१. तुझ्याकडे एकही ०००१ नाही.

डिव्हाइस ट्रीत ओएचसीआयचे नोड चालू आहेत का बघ.

पंचगंगाकाठ (शुक्रवार, पहाटे १:२०)

सापडलं. आणि चूक शंभर टक्के माझी.

मेन्युकॉन्फिगमध्ये त्या पर्यायाचं नाव आहे 'ओएचसीआय एचसीडी (यूएसबी १.१) सपोर्ट'. मी म्हटलं १.१ म्हणजे मागच्या शतकातलं, आता कोण वापरतंय, उडव. कर्नल बारीक करायच्या नादात उडवलं. डिव्हाइस ट्रीतही ईएचसीआय १, २, ३ ला 'ओके' लिहिलं आणि ओएचसीआय तसेच 'डिसेबल्ड' सोडले.

आता केलं ते असं. कॉन्फिगमध्ये ओएचसीआय आणि त्याच्या खालचा प्लॅटफॉर्म डिव्हाइसवाला जेनेरिक ड्रायव्हर, दोन्ही घेतले (फक्त वरचा घेऊन एकदा फसलो, एच३ ला खालचा लागतोच). डिव्हाइस ट्रीत तिन्ही ओएचसीआय 'ओके'. बूट केल्यावर सहा रूट हब, तीन ०००२ आणि तीन ०००१. काटा थेट लावला : 'न्यू फुल-स्पीड यूएसबी डिव्हाइस नंबर २ यूझिंग ओएचसीआय-प्लॅटफॉर्म'.

ज्या जागेसाठी हे उडवलं होतं ती किती वाचली होती ते पण बघितलं. कर्नलची इमेज पन्नास केबीनेसुद्धा वाढली नाही. पन्नास केबीसाठी चार रात्री.

तांबडापांढरा (शुक्रवार, सकाळी ८:०२)

गाईचं दूध घेऊन चार रात्री उभा. 😂 नाद खुळा ताई. वाखुसा (वाचनखूण साठवली).

कर्नलपंत (शुक्रवार, सकाळी ११:१५)

कागलचींना सलाम. मी थर बरोबर सांगितला पण दार चुकवलं.

थोडं अवांतर. ही दोन कंट्रोलरांची जोडी इतिहासातून आलीय. यूएसबी १.० आलं १९९६ साली. तेव्हा इंटेलचा यूएचसीआय आणि कॉम्पॅक-मायक्रोसॉफ्ट-नॅशनल सेमीकंडक्टरचा ओएचसीआय असे दोन पंथ होते. २००० साली २.० आलं तेव्हा ईएचसीआय फक्त नव्या वेगापुरता बनवला, जुनं काम जुन्याकडेच ठेवलं. पुढे ३.० बरोबर आलेल्या एक्सएचसीआयने सगळे वेग एकाच छताखाली घेतले, म्हणून रास्पबेरी पाय ४ वर हे दुखणं भेटत नाही. त्यावर शिकलेली मुलं ऑलविनरच्या बोर्डावर आली की हमखास इथे आपटतात. तेव्हा त्या पर्यायातल्या '१.१' चा अर्थ जुनी उपकरणं असा घेऊ नका. तुमचा कीबोर्ड काल दुकानातून आणलेला असेल, तरी तो बहुधा १.५ मेगाबिटवरच बोलतो.

अति अवांतर : यूएसबी घडवणाऱ्यांतले इंटेलचे अजय भट्ट बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकले. बडोदं म्हणजे गायकवाडांचं. त्या हिशेबाने यूएसबीवर आपला थोडा हक्क पोहोचतो.

उद्यमनगरी (शुक्रवार, सकाळी ११:४०)

हक्क पोहोचतो, मग एकदाच घातल्यावर सरळ का बसत नाही ते पण विचारा त्यांना.

पंचगंगाकाठ (बारा दिवसांनी, रात्री १०:१०)

धागा वर काढतोय. डेमो झाला, संस्थेनं डबा ठेवून घेतला, आठ दिवस झकास चालला. काल सकाळी घोळ झाला.

साडेपाचला लाइट गेली, दहा मिनिटांनी आली. संकलन सुरू झालं. तिसऱ्याच नंबरला एक आजी. म्हशीचं दूध साडेचार लिटर, फॅट ७.२. स्लिप निघाली : लिटर ७.२, फॅट ४.५. त्यांना लिटर जास्त मिळाल्याचं काही नाही. त्या सचिवांवर कडाडल्या, "माझ्या म्हशीला साडेचार फॅट? पाणी घातलं म्हणतोस व्हय रं?" आख्खी रांग बघतेय. मी फोनवर.

कारण कळलंय. काट्याची चिप केबलीत आहे, बोर्डाच्या विजेवर लगेच जागी होते. फॅट मशीनला स्वतःला सुरू व्हायला अर्धा मिनिट लागतो. रोज मशीन आधीपासून चालू असायचं, ते पहिल्या पोर्टवर, म्हणून टीटीवाययूएसबी० व्हायचं. काल लाइट आल्यावर सगळं एकदम सुरू झालं, काटा आधी उठला आणि त्याने शून्य पटकावलं. दोघांचा बॉड रेट (सिरियलचा वेग) ९६००. माझा पार्सर (ओळीतून आकडे काढणारा कोड) ओळीतला पहिला दशांश आकडा उचलतो, आणि एसएनएफ सापडलं नाही तर मागचंच धरतो. हा शहाणपणाही माझाच.

सीएच३४० ला सिरियल नंबर नाही, दोन्ही हुबेहूब सारख्या. ओळखायच्या कशा?

कागलची (त्याच रात्री, ११:००)

आजींना आधी सॉरी म्हण.

टीटीवाययूएसबीच्या आकड्यावर कधीच विसंबू नये, तो फक्त येण्याचा क्रम आहे. चिपला नंबर नसेल तर ती कुठल्या तोंडात बसलीय त्यावरून ओळख. यूडेव्ह (उपकरणांना नावं देणारी लिनक्सची सोय) असेल तर डेव्ह-सिरियलमध्ये बाय-पाथ नावाची फोल्डर मिळते, तिथलं नाव कंट्रोलरच्या पत्त्यावरून पडतं. तुझ्या पहिल्या पोर्टवर थेट लावलं तर पत्ता १सी१बी४००, म्हणजे ओएचसीआय. मध्ये हब आला की तेच उपकरण ईएचसीआयच्या १सी१बी००० खाली दिसेल. डेमोचा हब अजून तिथे पडला असेल तर सचिवांना तो लावायचा नाही असं बजाव, नाहीतर नाव परत बदलेल.

डब्यावर तोंडांच्या वर रंगीत पट्ट्या चिकटव. काटा पिवळा, फॅट निळा.

कर्नलपंत (दुसऱ्या दिवशी, सकाळी ९:२०)

पाथ हवाच, पण तेवढ्यावर थांबू नका. झाडलोट करणारा माणूस केबली काढून उलट लावणारच. काट्याची ओळ आणि फॅट मशीनची ओळ यांचा ढाचा वेगळा असतो. पोर्ट उघडल्यावर पहिल्या दोन-तीन ओळी तपासा, ढाचा जुळला नाही तर स्लिपच काढू नका, पडद्यावर मोठ्या अक्षरात 'केबल तपासा' दाखवा. आणि ते 'मागचं एसएनएफ धरायचं' आजच काढून टाका. म्हशीच्या दुधाचा दर ६ फॅट आणि ९ एसएनएफ धरून पुढेमागे होतो, तिथे शेजाऱ्याचं एसएनएफ दुसऱ्याच्या बिलात घालणं म्हणजे त्याचे पैसे उचलण्यासारखं आहे.

उद्यमनगरी (सकाळी ९:४५)

मी मॅक्स३२३२ म्हटलं होतं.

पंचगंगाकाठ (सकाळी १०:३०)

दादा, पुढच्या लॉटमध्ये काटा यूएआरटीवर, कबूल. नऊ पिनांचा कनेक्टर काढलाय ड्रॉइंगमध्ये. यूएसबी फक्त फॅट मशीन आणि पेनड्राइव्हला.

आणखी एक आहे, ताई-पंत बघा. बल्क कूलरचा कॉम्प्रेसर चालू-बंद होताना कधीकधी फॅट मशीन एक क्षण गायब होऊन परत येतं. लॉगमध्ये 'डिसेबल्ड बाय हब (ईएमआय?), री-एनेबलिंग'. तो प्रश्नचिन्हवाला कंस कर्नलचाच आहे, माझा नव्हे.

सोल्डरबहाद्दर (सकाळी १०:५०)

हां, आता माझ्या गल्लीत आलास. हा विजेचा गोंगाट आहे, ईएमआय म्हणजे तेच, कर्नलमध्ये शोधू नको. कॉम्प्रेसरच्या कॉन्टॅक्टरची कॉइल सुटताना झटका मारते. कॉइलवर आरसी स्नबर (झटका शोषणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) लाव. यूएसबी केबल शील्डवालीच घे आणि तिला बोर्डाकडच्या टोकाला फेराइटचा गोळा अडकव. केबल कूलरच्या वायरसोबत एकाच पट्टीतून नेलीय का? नेली असशील तर आधी तेवढंच वेगळं कर. लांबी किती आहे?

पंचगंगाकाठ (सकाळी १०:५८)

वायरमननं एकाच पट्टीतून नेलीय. लांबी सात मीटर असेल, एक्स्टेन्शन जोडून.

सोल्डरबहाद्दर (सकाळी ११:०१)

सात!! फुल-स्पीडला पाचच्या पुढे जायचं नाही रे बाबा. मशीन टेबलाजवळ सरकव.

पंचगंगाकाठ (चार दिवसांनी, सकाळी ८:४०)

मशीन सरकवलं, दीड मीटरची केबल, वेगळी पट्टी, कॉन्टॅक्टरवर स्नबर. तीन दिवसांत ती ओळ एकदाही आली नाही. पट्ट्या चिकटवल्या. पार्सर नवा लिहिला. मुद्दाम केबली उलट लावून बघितल्या, 'केबल तपासा' आलं.

आज सकाळी संस्थेतच उभा होतो. आजी आल्या. म्हैस, ४.६ लिटर, फॅट ७.१. स्लिप डोळ्याजवळ धरून दोनदा वाचली, मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "कालच्यापेक्षा एक पॉइंट कमी कसं काय?"

तांबडापांढरा (सकाळी ८:४४)

पेंड बदलली असेल. तो धागा शेती विभागात काढ.